जयंतीच्या जीपचं तेल

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी
थंडी. धारूरच्या डोंगरावर थंडी पडली की माणसाचं अंग आणि गाडीचं तेल दोन्ही आखडतं. माणसाला शेकोटी आहे, गाडीला कोण विचारतं?

आज जीप चालू व्हायला लई वेळ लागला. चावी फिरवली की नुसती कुरकुर. शेवटी अंगणभर धूर करून चालू झाली. आमचे हे जाऊन दोन पावसाळे झाले. तेव्हापासून रोज सकाळी मी जीप थोडा वेळ चालू ठेवते. कारण एकच, आत तेल फिरतं राहिलं पाहिजे. जीपच्या पुस्तकात तसं लिहिलंय. संजयला वाटतं मी आवाज ऐकत बसते. डिझेलच्या आवाजात ऐकण्यासारखं काय असतं?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं माझं मी वाचलं. पुडीचे कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, वाचनालयातली पुस्तकं. आता तेलाचे डबे वाचते. या गावात तेल विकणारेही डबे वाचत नाहीत.

संकल्प: जीपला योग्य ग्रेडचं तेल. डिपस्टिक रोज ओढून तेलाची पातळी बघायची. रोज म्हणजे रोज.

५ जानेवारी, रविवार
गहिनीनाथच्या गॅरेजवर गेले होते. आल्यावर आधी हात धुतले, मग पाय, मग चपला.

त्याच्याकडे कोपऱ्यात एक टिपाड आहे, त्यावर हातपंप. ट्रॅक्टर आला, टिपाडातून तेल. जीप आली, टिपाडातून. मोटारसायकल, पिठाची गिरणी, रसवंतीचं इंजिन, सगळ्यांना एकच टिपाड. दवाखान्यात सगळ्या पेशंटला एकच गोळी दिली तर लोक डॉक्टरला मारतील. इथं कोणी चकार शब्द काढत नाही. टिपाडाच्या तोंडाला काळा थर, त्यात माश्या चिकटलेल्या. त्याच बोटाने गहिनीनाथ तंबाखू मळतो. शिसारी आली.

मी विचारलं, यात ग्रेड कुठली. तो म्हणाला, घट्ट.

मी विचारलं, डब्याच्या आकड्यात डब्ल्यू असतो तो कशाचा. तो म्हणाला, वजनाचा. मग मी त्याला सांगितलं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत लवकर पळतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती घट्ट राहतं त्याचा. तो मान हलवत राहिला आणि मग म्हणाला की मावशी, आपल्याकडं हिवाळा टिकतो किती, शहादेवभाऊ तर कायम घट्टच घालायचे.

घालायचे. सारं आयुष्य त्यांनी हेच टिपाड जीपमध्ये ओतलं. मी भांडायचे. उशीला तेल, ताटाला तेल, पोराच्या वहीला तेलाचं बोट. धारूर-केज पॅसेंजर मारून यायचे आणि तसेच जेवायला बसायचे.

८ जानेवारी, बुधवार
संजय माझा मुलगा, वीज कंपनीत लाइनमन. खांबावर चढायला भीत नाही, माझ्यासमोर तोंड उघडायला भितो. आज जेवताना उघडलं. म्हणाला, जीप दारात सडतेय. अंबाजोगाईचा एक जण मागतोय. सुट्या भागांसाठी.

सुट्या भागांसाठी.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पूर्वी बाबासाहेबांचा फोटो हातावर धरून न्यायचे. यांनी जीप घेतली त्या वर्षी मागचं छत काढून आत लोखंडी स्टँड बसवला, नटबोल्टने पक्का. तेव्हापासून फोटो जीपमध्ये आणि जीप सगळ्यांच्या पुढे. बसस्टँडच्या चौकापर्यंत. हे गेल्यापासून समिती भाड्याचा पिकअप आणते. गेल्या वर्षीच्या पिकअपला कोंबडीखताचा वास होता. मी तोंडाला पदर लावून चालले.

मी संजयला म्हटलं, या जयंतीला जीप पुढे जाईल. तो म्हणाला, गेली तर ठेवू. रस्त्यात थांबली तर अंबाजोगाईवाल्याला. मी म्हटलं, कबूल.

बिचाऱ्याला माहीत नाही तो कोणाशी बोलतोय.

१२ जानेवारी, रविवार
बीडला जाऊन तेल आणलं. पाच-डब्ल्यू-तीस, फुल्ली सिंथेटिक. मधासारखा रंग. किंमत लिहीत नाही, लिहिली की जिवाला लागते.

दुकानदाराने जीप कुठल्या सालची विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, पंधरा-चाळीस न्या. जीपच्या पुस्तकात वीस-चाळीस आहे. पण ते पुस्तक लिहिलं तेव्हा पाच-डब्ल्यू जन्मालाच आलं नव्हतं, लेखक तरी काय करणार. त्याला मी दोष देत नाही. दुकानदाराला देते.

दुपारी गहिनीनाथला अंगणात बोलावून जुनं तेल काढायला लावलं. तेल कसलं, डांबर. मडक्यात पडताना आवाजही आला नाही. मी म्हटलं, या घाणीत इंजिन चाललं कसं?

“घाणीवरच चाललंय, मावशी. तीच काढू नका.”

असली माणसं. नाक मुरडून नवीन तेल मी स्वतः ओतलं. त्याला फक्त फनेल धरू दिलं.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी
एका चावीत चालू. धूर नाही. संजय दात घासत उभा होता, त्याला मुद्दाम हाक मारून दाखवलं.

आवाज बदललाय. मऊ झालाय. यांच्या वेळी गाडी वळणावर असली तरी कळायचं, मी तवा ठेवायचे. आता दारात चालू असते आणि आतल्या खोलीत ऐकू येत नाही. ही सुधारणा आहे.

१७ जानेवारी
डिपस्टिक बघितली नाही. पाहुणे होते.

१८ जानेवारी
डिपस्टिक नाही. पाहुणे गेले, पण आदरातिथ्याने अंग दुखतंय.

२० जानेवारी, सोमवार
नवीन तेल इतकं चांगलं आहे की डिपस्टिक रोज बघणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. आठवड्याने बघणार.

आज सुनेची स्कूटी हाती घेतली. दीपमाला अंगणवाडीवर जाते, स्कूटी तिचीच. तिच्यात वीस-डब्ल्यू-पन्नास घातलं. सगळ्यात घट्ट. चैत्रात धारूरची खडी तापते, डांबर चपलेला चिकटतं. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आताच तयारी बरी. दूरदृष्टी हा शब्द मी वाचनालयात शिकले.

२१ जानेवारी, मंगळवार
स्कूटी सेल्फ घेईना. दीपमालाने कीक मारली. खूप मारल्या. मग शेजारच्या पोरांनी ढकलली. अंगणवाडीत सुपरवायझर बाई आधीच येऊन बसल्या होत्या.

संध्याकाळी दीपमाला भांडी घासता घासता म्हणाली, “आत्या, जीपला हिवाळा अन् स्कूटीला उन्हाळा. अंगण तर एकच हाय.”

मी म्हटलं, प्रत्येक गाडीची प्रकृती वेगळी असते. तिने परात जरा जोरात ठेवली. या पिढीला विज्ञानाचा वीट आलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
जीपमध्ये घालून तेल उरलं होतं. इतकं भारी तेल फेकून कसं द्यायचं? संजयच्या मोटारसायकलमध्ये घातलं. त्याला सांगितलं नाही, खूश होईल म्हणून.

आज तो घाटातून येत होता. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. उसाच्या बैलगाडीने त्याला मागे टाकलं. गाडीवर बसलेल्या बाईने विचारलं म्हणे, “दादा, दोर टाकू का?”

मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीचं निसरडं तेल घातलं की तो घसरतो. हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. शिवाय क्लच आधीच गेलेला असणार. संजयला सगळंच दाबून धरायची सवय.

त्याने गहिनीनाथकडून टिपाडातलं तेल घालून घेतलं. गाडी चालायला लागली. टिपाडातलं. माझ्याच अंगणात ती गाडी आता उभी राहते. मी तिच्याकडे बघत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
तानाजी आले होते. यांचे जुने दोस्त, मळ्यात ऊस, ट्रॅक्टर घरचा. कारखान्याला ऊस टाकून येताना चहाला थांबतात. बसल्या बसल्या त्यांना ट्रॅक्टरच्या तेलाचं समजावलं. जड ओढायचं, धुळीत चालायचं, तासन् तास चालायचं, तर तेल कसं पाहिजे. त्यांनी बशीतला चहा संपेपर्यंत ऐकलं.

“वयनी, आमच्या ट्रॅक्टरला वाचता येत न्हाई. त्याला काय बी चालतं.”

आणि हसले. दातात तंबाखू. त्यांच्या ट्रॅक्टरला खालून वरून सगळीकडून तेल गळतं, अंगणात डाग पडला. राखेने घासला, जात नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
विहारात जयंती समितीची बैठक. अध्यक्ष पवन. आमच्याच वस्तीतला पोरगा, बीडला वकिली शिकतो.

मी उभी राहून तेलाचे ग्रेड, तापमान आणि इंजिनाचं आयुष्य यांवर बोलले. सगळे अगदी शांत. परिणाम झाला. दीपमाला म्हणते, झोपले होते.

पवन म्हणाला, “काकू, शहादेवकाकाची जीप पुढं असली की मिरवणूक कशी भरल्यासारखी वाटती. आमाला नको का ती? पण मधीच थांबली तर?” आणि मग म्हणाला की जोडीला पिकअपही सांगून ठेवू. मी म्हटलं, पिकअप सांगणार असाल तर जीप येणार नाही. फोटो एकाच गाडीत बसतो.

मग पवन म्हणाला की आधी एकदा लांबवर चालवून दाखवा, नीट आली तर पिकअप सांगत नाही.

मला हसू आलं. पाच-डब्ल्यू-तीसला परीक्षा.

२३ फेब्रुवारी
दीपमालाने सगळे अभ्रे धुवायला काढले. यांच्या उशीचा मी तसाच ठेवला. त्याला टिपाडाच्या तेलाचा वास आहे, घाण वास. इतर कपड्यांत धुतला तर सगळ्यांना डाग लागतील. वेगळा धुवायचा आहे. साबण आणला की धुते.

२ मार्च, रविवार
जीपखाली तेलाचे थेंब. थेंब म्हणजे अगदीच थेंब नाहीत, पण डबकंही नाही.

विचार केला. इतकी वर्षं आत घाण साचलेली. नवीन तेल ती धुऊन बाहेर काढतंय. म्हणजे पोट साफ होतंय. जुनी ताटली खाली ठेवली. ज्या ताटलीत हे जेवायचे ती नाही, दुसरी.

९ मार्च, रविवार
आज चाचणी. संजय गाडी चालवत होता, पवन मागे, मी पुढे. घाट उतरून तेलगावपर्यंत आणि परत. मोकळा रस्ता, पहाटेची हवा, जीप पाण्यासारखी पळाली. घाट चढताना एकदाही कुरकुरली नाही. पवन म्हणाला, मानलं काकू. मी बाहेर बघत राहिले, म्हणजे त्याला माझं तोंड दिसू नये.

फक्त तेलगावात चहाला थांबलो तेव्हा इंजिन चालूच होतं आणि समोर तेलाचा लाल दिवा मिणमिणला, तेलाचा दाब कमी झाला की लागतो तो. रेस दिली की गेला. वायर ढिली असणार. खड्ड्यांनी होतं तसं.

पिकअप रद्द.

१७ मार्च, सोमवार
ऊन वाढलं. आता रोज सकाळी जीप चालू केली आणि तापली की लाल दिवा लागतो. वायर तपासली. म्हणजे हात लावून बघितला.

संजय घाबरट आहे. मिरवणुकीत हा दिवा त्याला दिसला तर लक्ष विचलित होईल. दीपमालाच्या पाकिटातली एक मोठी काळी टिकली घेतली आणि दिव्यावर बरोबर मध्यावर लावली. छान बसली. मी टिकली लावायचं सोडलं तेव्हापासून पहिल्यांदा पाकीट हातात घेतलं. चिकटपणा चांगला असतो हल्ली.

२८ मार्च, शुक्रवार
गहिनीनाथ वाटेने जाताना थांबला. जीप चालू होती. कान लावला. म्हणाला, मावशी, आवाज पातळ झालाय.

आवाज पातळ. जणू आमटी.

तो म्हणाला की मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीने जाणार. उन्हात, रेस नाही, वारा नाही, फॅन नुसता फिरतो. जरा घट्ट तेल घालू द्या. मी म्हटलं, तुझं टिपाड खपवायचं असेल तर दुसरं दार बघ. तो म्हणाला बरं. मग अंगणातल्या ताटलीकडे बघितलं, ती भरली होती. ताटलीकडे बघून त्याने तंबाखू थुंकली. माझ्या अंगणात. दोन बादल्या पाणी ओतलं त्या जागेवर.

डिपस्टिक: उद्या.

१० एप्रिल, गुरुवार
जीप धुतली. पवन आणि समितीची पोरं येऊन निळ्या झालरी लावून गेली. स्टँडला मी स्वतः निळा रंग दिला. यांनी दिलेला रंग खालून दिसत होता, त्यावरच दिला. खरवडायला वेळ नव्हता.

डिपस्टिक बघणार होते. पण आता पांढरं पातळ काढून ठेवलंय, हात काळे करून चालणार नाही.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी
जीप पहिल्या चावीत. सगळी वस्ती बघत होती. संजयने पांढरा शर्ट घातलाय. केस तसेच मागे फिरवलेत, यांच्यासारखे. त्याला सांगितलं नाही. डोक्यात जाईल त्याच्या.

चार वाजता निघायचं.

१५ एप्रिल, मंगळवार
काल जे झालं त्याची कारणं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी भलतंसलतं सांगायला नको.

एक, ऊन. असं ऊन धारूरला पडत नाही. दुसरं, हलगीवाले. ते पुढे सरकतच नव्हते. चार पावलं जायचे आणि तिथंच नाचायचे. तिसरं, संजय.

निघाली तेव्हा जीप राणीसारखी निघाली. विहारापासून वळण घेतलं, बाया गॅलरीतून फुलं टाकत होत्या. एक म्हातारी पुढे आली आणि बॉनेटला हात लावून म्हणाली, शहादेवची गाडी आली गं बाई. मी पुढच्या सीटवर ताठ बसले होते. मला कशाचंही ओझं वाटलं नाही.

माणसाच्या चालीने जायचं म्हणजे संजय सारखा अर्ध्या क्लचवर. बॉनेटमधून वाफा. बाजाराच्या अलीकडे ठक ठक ठक ठक असा आवाज यायला लागला. मला वाटलं, हलगी जोरात आली. मीही मांडीवर ठेका धरला. मग हलगीवाले पाणी प्यायला थांबले.

ठक ठक चालूच होतं.

संजयने माझ्याकडे बघितलं. मी समोर बघितलं. मग आतून काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला आणि जीप थांबली. चावी फिरवली तर टक्क. पुन्हा टक्क. चौक समोर दिसत होता, झेंडे दिसत होते. मागची मिरवणूक आमच्यावर येऊन दाटली. कोणीतरी ओरडलं, काहून थांबलं रे, आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. तेच वाईट वाटलं. ओरडू द्यायला पाहिजे होतं त्याला.

पवन आला. पिकअप नव्हता, तो मीच येऊ दिला नव्हता. सगळ्यात मागे तानाजींचा ट्रॅक्टर होता, ट्रॉलीत प्यायच्या पाण्याच्या टाक्या. तानाजींनी टाक्या स्वतः उतरवल्या, ट्रॉली धुतली, आपल्या खांद्यावरचा स्वच्छ टॉवेल अंथरला. पोरांनी फोटो हातोहात नेला. कुठे टेकू दिला नाही. ट्रॅक्टर भसाभस काळा धूर सोडत जीपच्या शेजारून पुढे गेला. तानाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. चांगला माणूस आहे. त्या धुराने डोळ्यांत पाणी आलं, इतका घाण धूर.

मी उतरले नाही. मिरवणूक दोन्ही बाजूंनी गेली. लोक जीपला हात लावून जात होते. आवाज चौकात गेला, मग पलीकडे. दीपमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मग म्हणाली, “आत्या, स्टिअरिंग लई गरम हाय.” पदर हाताला गुंडाळून तिने ते धरून ठेवलं, जणू जीप चालली होती.

कारण चौथं, सगळ्यांनी फुलं टाकली. फुलांचंही वजन असतं.

१९ एप्रिल, शनिवार
गहिनीनाथने जीप ओढून अंगणात आणली आणि उघडली. संजय शेजारी उभा. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, म्हणजे लक्ष नव्हतं.

त्याने डिपस्टिक ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. टोकाला ओलं होतं, तेवढंच. मग आत वाकून मीटर बघायला लागला. नखाने टिकली काढली. टिकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती काचेला लावून ठेवली, आपण न्हाणीत आरशाला लावतो तशी. मला वाटत होतं काहीतरी बोलेल आणि मी त्याला दोन शब्द ऐकवीन. तयारी करून ठेवली होती.

बेअरिंगं जळली. क्रँक गेला, म्हणजे इंजिनच गेलं. तो म्हणाला, वयच झालतं, मावशी. खोटं बोलताना त्याला तंबाखूसुद्धा सुचली नाही.

मी संजयला म्हटलं, बोल काय बोलायचं ते. तो तेलाची ताटली उचलून बाजूला ठेवत होता, हात काळे झाले होते.

“काय बोलू आई. अण्णाच्या हातनं बी एक दिवस बंद पडलीच असती. तुला वाटलं तुझ्या हातनं पडणार न्हाई.”

मग त्याने ते हात पांढऱ्या बनियनला पुसले. मी ओरडले नाही. तांदळात एकही खडा नव्हता, तरी मी सगळा तांदूळ पुन्हा निवडला.

अंबाजोगाईचा माणूस अठ्ठावीस तारखेला, सोमवारी येतोय.

२२ एप्रिल
जुन्या इंजिनात पातळ तेल घालू नये. झिजलेल्या जागांत ते टिकत नाही. घट्ट तेल तिथे धरून राहतं. हे पुस्तकात होतं, पान दुमडलेलं होतं. मीच दुमडलं होतं.

पहाटे जाग आली, चावी घेऊन बाहेर गेले. मग परत आले आणि चहा ठेवला. या घरात चहासुद्धा नीट उकळत नाही.

२७ एप्रिल, रविवार
संध्याकाळी पवन आला. दारात चप्पल काढून, हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, काकू, एक मागायचं होतं. मला वाटलं, त्याने घेतलेल्या नव्या मोटारसायकलचं तेल विचारायला आलाय. मी चष्मा लावला.

त्याला स्टँड पाहिजे होता. म्हणाला, जीप उद्या अंबाजोगाईला चालली तर स्टँड तरी वस्तीत राहू द्या. पुढच्या वर्षी तानाजीकाका ट्रॉली देतो म्हणालेत, तिच्यात बसवू. काकाचा स्टँड हाय, फोटो दुसऱ्या कशावर बसत बी न्हाई नीट.

मी म्हटलं, ने.

तो पाना घेऊन जीपमध्ये चढला. मीही चढले. नट गंजून एक झालेले. पाना घसरत होता, त्याची बोटं सोलली. मी दिलेला निळा रंग उडाला, खालचा यांचा रंग दिसला, त्याच्या खाली आणखी एक. पवनने घाम पुसला आणि म्हणाला की जरा तेल सोडावं लागेल. मग माझ्याकडे बघून थांबला. खरंच विचारत होता, चेष्टा नव्हती पोराच्या मनात.

“काकू, कोणतं घालू?”

मी म्हटलं, “जे असंल ते घाल बाबा.”

दीपमालाने आतून डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली आणली. त्याने ओतलं. जरा वेळ मुरू दिलं. मग पहिला नट फिरला आणि मागोमाग बाकीचे. स्टँड जड आहे, एकट्याने उचलत नाही. दुसरी बाजू मी धरली.